फेनवे पार्कमधील तीन अर्ज : बोस्टन रेड सॉक्स संघाच्या चौदा वर्षांच्या विलंबाचा प्रकरण अभ्यास

सोमवार, १६ एप्रिल १९४५ रोजी बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या फेनवे पार्क मैदानावर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची निवड चाचणी झाली. कॅन्सस सिटी मोनार्क्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक, जॅकी रॉबिन्सन, क्लीव्हलंड बकाइजचा वेगवान क्षेत्ररक्षक सॅम जेथ्रो आणि फिलाडेल्फिया स्टार्सचा मार्विन विल्यम्स हे ते तिघे. चाचणी घ्यायला उभे होते ७८ वर्षांचे ह्यू डफी. याच डफींनी १८९४ साली .४४० ची सरासरी गाठली होती, म्हणजे दर हजार संधींमागे ४४० यशस्वी फटके. मैदानाची डावीकडची भिंत सदतीस फूट उंच होती. आज जगभर ओळखला जाणारा तिचा हिरवा रंग तेव्हा तिच्यावर नव्हता, जाहिराती रंगवलेल्या होत्या. त्या जाहिरातींवर रॉबिन्सनचे फटके एकामागून एक आदळत होते, अशी आठवण तिथे हजर असलेले नगरसेवक इसाडोर म्युचनिक पुढे सांगत असत. सुमारे दीड तासाने चाचणी संपली. तिघांकडून अर्जाची कार्डे भरून घेण्यात आली आणि ‘कळवू’ असे सांगून त्यांना निरोप देण्यात आला. त्यानंतर रेड सॉक्सकडून कोणीही त्यांना काहीही कळवले नाही.

दोन वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या पोशाखात मैदानात उतरला आणि मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावरील सहा दशकांची वर्णबंदी मोडली. ती हकिकत सर्वज्ञात आहे आणि तिच्यात एक धाडसी मालक, एक असामान्य खेळाडू आणि एक निश्चित तारीख आहे. प्रस्तुत अभ्यास तिच्या दुसऱ्या बाजूचा आहे. रॉबिन्सनला सर्वांच्या आधी आपल्या मैदानावर पाहण्याची संधी ज्या संघाला मिळाली होती, तो संघ मेजर लीगमधील सोळा संघांपैकी सर्वांत शेवटी बदलला. रेड सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला तो २१ जुलै १९५९ रोजी. त्या वेळी रॉबिन्सनला निवृत्त होऊन अडीच वर्षे झाली होती. या चौदा वर्षांत संघाने आपण कृष्णवर्णीय खेळाडू घेत नाही असे एकदाही म्हटले नाही. कोणताही लेखी नियम नव्हता, ठराव नव्हता, परिपत्रक नव्हते. मग हे घडले कसे, आणि अखेर थांबले कशामुळे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

चाचणी का झाली

ही चाचणी संघाला हवी होती म्हणून झाली नाही. बोस्टनमध्ये रविवारी व्यावसायिक सामने भरवायचे तर नगर परिषदेचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागे आणि रविवारचे उत्पन्न मोठे असे. म्युचनिक यांनी १९४४ मध्ये या परवान्याचा प्रश्न वर्णबंदीशी जोडला. संघाचे जनरल मॅनेजर एडी कॉलिन्स यांनी त्यांना पाठवलेले उत्तर या प्रकरणातील पहिले महत्त्वाचे कागदपत्र मानावे लागेल. आमच्याकडे चाचणीसाठी एकाही कृष्णवर्णीय खेळाडूने आजवर विनंती केलेली नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर कदाचित शब्दशः खरेही असेल. ज्या दारातून साठ वर्षे कोणाला आत घेतलेले नाही, त्या दारावर कोणी थाप मारत नाही, ही गोष्ट मात्र त्यात बेमालूमपणे गाळलेली होती.

या उत्तराचा फायदा ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा पत्रकार वेंडेल स्मिथ यांनी घेतला. विनंती आलेली नाही ना, मग ही घ्या, असे म्हणून ते तीन खेळाडू घेऊन बोस्टनमध्ये दाखल झाले. त्याच सुमारास, १२ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि चाचणी लांबली. तिघे हॉटेलात वाट पाहत बसले. मोसम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांना मैदानावर बोलावण्यात आले, तेव्हा संघाला दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सामना खेळायचा होता. ज्याला खरोखर नवा खेळाडू निवडायचा आहे तो असा दिवस निवडत नाही. सव्वीस वर्षांच्या रॉबिन्सनला ते तेव्हाच उमगले होते. बसमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसण्यास नकार दिल्याबद्दल आदल्याच वर्षी त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला होता आणि तो निर्दोष सुटला होता. फेनवेवरील चाचणी हा निव्वळ देखावा होता, हे मत त्याने पुढे आयुष्यभर कायम ठेवले.

चाचणी चालू असताना रिकाम्या गॅलरीतून कोणी तरी वर्णद्वेषी शिवी हासडली आणि ‘यांना मैदानाबाहेर काढा’ असे ओरडले, अशी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. ओरडणारा कोण, याबद्दल वेगवेगळी नावे घेतली गेली आणि एकही सिद्ध झाले नाही. माझ्या मते या गोष्टीकडे जरुरीपेक्षा अधिक लक्ष गेले आहे. अशा प्रकरणात आपण नेहमी आरोळी ठोकणारा खलनायक शोधतो, कारण तो सापडला की बाकीचे सगळे सुटतात. त्या दिवशीचा खरा निर्णय आरोळीत नव्हता, अर्जाच्या कार्डात होता. ते कार्ड भरून घेणाऱ्याने आवाज चढवला नसेल, उलट हसतमुखाने पेनही पुढे केले असेल.

कारणांची यादी

या चौदा वर्षांत संघाने वेळोवेळी दिलेली कारणे एकत्र मांडली की त्यांतले साम्य लक्षात येते. प्रत्येक कारण सुटे पाहिले तर व्यवहार्य वाटते.

डफी यांनी तिघांची तारीफ केली, पण एका सरावावरून निर्णय करता येत नाही, असे म्हटले. हे मान्य केले तरी दुसरा सराव ठेवण्यास कोणाची हरकत होती, हा प्रश्न उरतोच. संघाचे त्या वेळचे मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे प्रमुख, जो क्रोनिन यांनी खूप वर्षांनी वेगळे कारण सांगितले. नव्या खेळाडूला आधी खालच्या स्तरावरील संलग्न संघात तयार करावे लागते. रेड सॉक्सचा असा प्रमुख संघ केंटकी राज्यातील लुइव्हिलमध्ये होता आणि तिथले वर्णद्वेषी वातावरण पाहता या खेळाडूंना तिथे जाणे आवडले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. कारणात काळजीचा सूर आहे. पण त्या तिघांना कोणी विचारलेच नव्हते. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, डॉजर्सच्या माँट्रियल संघाकडून खेळणारा रॉबिन्सन अंतिम मालिकेसाठी लुइव्हिलला गेला. तिथल्या प्रेक्षकांनी त्याची भरपूर हुर्यो उडवली आणि मालिका माँट्रियलने जिंकली. पराभूत संघ होता लुइव्हिल कर्नल्स, म्हणजे रेड सॉक्सचाच.

जागा नव्हती, हे कारण तर १९४५ साली देताच येण्यासारखे नव्हते. महायुद्धामुळे चांगले खेळाडू सैन्यात होते आणि संघ मिळेल त्याला घेत होते. फेनवेवरील चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, सेंट लुइस ब्राउन्सकडून पीट ग्रे मैदानात उतरला. त्याला एकच हात होता. त्याची जिद्द निर्विवाद होती. पण ज्या मोसमात एका हाताच्या खेळाडूसाठी मेजर लीगमध्ये जागा निघते, त्या मोसमात सॅम जेथ्रोसाठी निघत नाही, यातून जागेच्या टंचाईपेक्षा वेगळे काही तरी दिसते. त्या वर्षी रेड सॉक्स मेजर लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटात, म्हणजे अमेरिकन लीगमधील आठ संघांत, सातवा आला.

मालकांचा हिशेब

संघाचे मालक टॉम यॉकी हे लाकूड आणि खाणींच्या वारशातून आलेल्या अफाट संपत्तीचे धनी होते. त्यांनी वयाच्या तिसाव्या वर्षी, १९३३ मध्ये, हा संघ विकत घेतला. दक्षिण कॅरोलायनात त्यांची विस्तीर्ण जमीन होती. नोकरांशी आणि खेळाडूंशी ते सढळ हाताने वागत, अशी त्यांची ख्याती होती आणि शहरातल्या धर्मादाय कामांना त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या. त्यांनी स्वतः उघडपणे वर्णद्वेषी भूमिका घेतल्याचे फारसे सापडत नाही, म्हणून त्यांचे समर्थक आजही वाद घालतात. तरीही रॉबिन्सनने १९६७ मध्ये त्यांची गणना बेसबॉलमधील सर्वांत पूर्वग्रहदूषित माणसांत केली.

हा वाद स्वभावाच्या चर्चेतून सुटणार नाही. त्यापेक्षा ऑगस्ट १९४६ मधील एक अहवाल पाहावा. मेजर लीगच्या दोन्ही गटांतील संघमालकांनी नेमलेल्या एका समितीने बेसबॉलपुढील अडचणींचा हा अहवाल लिहिला आणि यॉकी त्या समितीचे सदस्य होते. त्यात ‘वंशाचा प्रश्न’ या विषयावर एक भाग होता. कृष्णवर्णीय खेळाडूंना पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नाही, निग्रो लीगमधील, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधील, संघांचे करार मोडणे योग्य नाही, हे मुद्दे त्यात होतेच. त्याहून बोलका होता तो पैशाचा भाग. निग्रो लीगचे संघ मेजर लीगच्या मालकांची मैदाने भाड्याने घेत. न्यूयॉर्क यँकीजला अशा भाड्यातून वर्षाकाठी सुमारे एक लाख डॉलर मिळत. चांगले खेळाडू फुटून वर आले तर निग्रो लीग बुडेल आणि तिच्याबरोबर हे भाडेही. शिवाय कृष्णवर्णीय प्रेक्षकांची संख्या फार वाढली तर काही शहरांत संघांची बाजारातील किंमत घसरेल, अशीही भीती अहवालात होती. म्हणजे गिऱ्हाईक वाढल्याने दुकानाची किंमत कमी होते, असा हा अजब हिशेब. हा मजकूर अंतिम अहवालात ठेवला गेला नाही आणि प्रती नष्ट करण्यात आल्या, असे सांगतात, पण बेसबॉलचे आयुक्त हॅपी चँडलर यांच्या कागदपत्रांत एक प्रत उरली.

निग्रो लीग बुडेल हे भाकीत खरेही ठरले. तिच्यातील मालक, पंच, मॅनेजर, तिकीटविक्रेते यांच्यापैकी फार थोड्यांना मेजर लीगने सामावून घेतले. खेळाडूंनाच तेवढी वाट मिळाली, तीही हप्त्याहप्त्याने. समितीला त्या लोकांचा कळवळा होता असे म्हणायला मात्र वाव नाही.

पायपर डेव्हिस आणि पंधरा मे

चौदा वर्षांतील सर्वांत बारकाईने पाहण्यासारखी घटना लोरेंझो ‘पायपर’ डेव्हिसची आहे. अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात रिकवुड फील्ड नावाचे मैदान आहे. रेड सॉक्सचा संलग्न संघ बर्मिंगहॅम बॅरन्स तिथे खेळत असे आणि तो दौऱ्यावर गेला की तेच मैदान कृष्णवर्णीयांचा बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स वापरत असे. डेव्हिस हा ब्लॅक बॅरन्सचा खेळाडूही होता आणि मॅनेजरही. रेड सॉक्सने त्याला करारबद्ध केले आणि १९५० च्या मोसमासाठी पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथील आपल्या संघात पाठवले. संघाने करारबद्ध केलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कराराची रक्कम दोन भागांत होती. साडेसात हजार डॉलर सुरुवातीला आणि १५ मेनंतरही तो संघात राहिला तर आणखी साडेसात हजार.

मेच्या मध्यावर डेव्हिसची सरासरी .३३३ होती. सरासरी, होम रन (मैदानाबाहेर मारलेले फटके) आणि चोरलेले बेस (फटका नसताना पळून गाठलेले पुढचे टप्पे) या सगळ्यांत तो स्क्रँटन संघात पहिला होता. दुसरा हप्ता देय होण्याच्या तोंडावर त्याला मुक्त करण्यात आले. कारण सांगितले गेले ते आर्थिक. हे कारण देणाऱ्या संघाचा मालक बेसबॉलमधील अतिश्रीमंतांपैकी एक होता.

इथे क्षणभर थांबून त्या करारातील अटीकडे पाहिले पाहिजे. हप्त्याची अट घालणे हा त्या काळचा सर्रास व्यवहार होता, त्यात फसवणूक नव्हती. पण अशा अटीमुळे एक ठरावीक तारीख निर्माण होते आणि त्या तारखेला कोणाला तरी पुन्हा एकदा ‘हो’ म्हणावे लागते. गोऱ्या खेळाडूच्या बाबतीत हे ‘हो’ आपोआप, आकडे पाहून येत असे. डेव्हिसच्या बाबतीत ते मुद्दाम म्हणावे लागणार होते, आणि मुद्दाम म्हणणारा माणूस त्या साखळीत कोणीच नव्हता. बत्तीस वर्षांचा डेव्हिस परत गेला. पुढे तो कॅलिफोर्नियात ओकलंड ओक्स संघाकडून काही वर्षे खेळला, पण मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

डेव्हिसच्या हाताखाली ब्लॅक बॅरन्समध्ये एक पोरसवदा खेळाडू तयार होत होता, विली मेज. संलग्न संघाचेच मैदान असल्यामुळे रेड सॉक्सच्या माणसांना मेज अगदी घरच्या अंगणात दिसत होता. गावोगाव फिरून खेळाडू हेरणारे संघाचे स्काउट जॉर्ज डिग्बी यांनी त्याची शिफारस केली, पण वरून होकार आला नाही. जून १९५० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला करारबद्ध केले आणि त्याची गणना सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत होऊ लागली. रेड सॉक्सचा फलंदाज टेड विल्यम्स आणि विली मेज एकाच संघात, ही कल्पना बोस्टनचे जुने प्रेक्षक अजून उसासा टाकून बोलून दाखवतात.

किंमत

धोरण चुकीचे असले तरी संघाला ते परवडत होते, असेही म्हणता येत नाही. रेड सॉक्स १९४६ मध्ये अंतिम मालिका सातव्या सामन्यात हरला. १९४८ मध्ये क्लीव्हलंड आणि बोस्टन या दोघांचेही ९६ विजय आणि ५८ पराभव झाले, म्हणून ४ ऑक्टोबरला फेनवेवरच एक निर्णायक सामना झाला आणि क्लीव्हलंडने तो ८–३ असा जिंकला. क्लीव्हलंडकडे लॅरी डोबी होता, त्या मोसमात .३०१ सरासरी राखणारा. निग्रो लीगमधून चाळिशी उलटल्यावर आलेला सॅचेल पेज हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हाही होता, त्याने सहा सामने जिंकून दिले होते आणि एकच गमावला होता. बरोबरीत संपलेल्या मोसमात सहा विजय म्हणजे काय, हे समजायला बेसबॉल कळावे लागत नाही. १९४९ मध्ये यँकीजने रेड सॉक्सला एका सामन्याच्या फरकाने मागे टाकले. पन्नाशीच्या दशकात संघ हळूहळू मध्यावर आणि मग खाली घसरला.

याच संघात त्या काळचा सर्वश्रेष्ठ फलंदाज टेड विल्यम्स होता, आणि त्याची आई मेक्सिकन वंशाची होती, ही बाब तेव्हा फारशी बोलली जात नसे. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनात प्रवेश मिळाला तेव्हा केलेल्या छोट्या भाषणात त्याने सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांच्यासारख्या निग्रो लीगमधील खेळाडूंनाही इथे स्थान मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली. पेजला ते १९७१ मध्ये मिळाले.

शहराचा दोष किती

बोस्टन शहरच तसे होते, संघ एकटा काय करणार, हा बचाव नेहमी पुढे येतो. बोस्टनमधील वर्णद्वेष खोटा नव्हता. पण याच शहरातील बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाने १९५० मध्ये चक कूपरची निवड केली आणि एनबीए या बास्केटबॉल लीगच्या निवड प्रक्रियेत घेतला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. आइस हॉकीतील बोस्टन ब्रुइन्सने जानेवारी १९५८ मध्ये विली ओ’री याला मैदानात उतरवले, त्या खेळाच्या राष्ट्रीय लीगमधील पहिला कृष्णवर्णीय. शहरातील दुसरा बेसबॉल संघ बोस्टन ब्रेव्ह्ज याने १९५० मध्ये जेथ्रोला मैदानात उतरवले. फेनवेवर कार्ड भरून गेलेला तोच जेथ्रो. त्याने त्या मोसमात ३५ बेस चोरले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि तो वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. बोस्टनच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्या फेनवेपासून फारशा लांब नसलेल्या मैदानावर.

ब्रेव्ह्ज १९५३ मध्ये मिल्वॉकीला निघून गेले. माझ्या वाचनात या गोष्टीचा उल्लेख येतो, पण तिच्यावर पुरेसा भर दिला जात नाही. एका शहरात दोन संघ असताना प्रेक्षक दोघांची तुलना करतो. १९५३ नंतर बोस्टनमध्ये बेसबॉल पाहायचा तर फेनवेखेरीज पर्याय उरला नाही. त्यानंतरची सहा वर्षे हीच विलंबाची सर्वांत कमी समर्थनीय वर्षे आहेत, कारण तोवर बाकीचे संघ एकेक करून पुढे गेले होते. यँकीज १९५५ मध्ये, फिलाडेल्फिया १९५७ मध्ये, डेट्रॉइट १९५८ मध्ये.

पंप्सी ग्रीन

एलायजा ग्रीनला आईने ठेवलेले लाडाचे नाव पंप्सी. जन्म १९३३ चा, ओक्लाहोमातला, वाढला कॅलिफोर्नियातील रिचमंडमध्ये. ज्या ओकलंड ओक्सचे सामने पाहत तो मोठा झाला, त्याच संघात स्क्रँटनहून परतलेला पायपर डेव्हिस खेळत होता. ग्रीन १९५५–५६ च्या सुमारास रेड सॉक्सच्या व्यवस्थेत आला आणि खालच्या स्तरावर वर्षामागून वर्षे खेळत वर चढला.

१९५९ च्या सुरुवातीला सरावासाठी संघ ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे गेला. बाकीचे खेळाडू संघाच्या हॉटेलात उतरले आणि ग्रीनची सोय शेजारच्या फीनिक्स शहरात करण्यात आली. पर्यटकांच्या गर्दीमुळे हॉटेलात जागा नाही, असे संघाने सांगितले. रोज सकाळी ग्रीन एकटाच सरावाला येई आणि संध्याकाळी एकटाच परत जाई. संघ म्हणजे बरोबर जेवणारी, पत्ते कुटणारी, एकमेकांच्या चुका रात्री बोलून काढणारी माणसे. त्या सगळ्याच्या बाहेर राहून त्याने असा खेळ केला की बोस्टनच्या पत्रकारांनी त्यालाच सरावातील सर्वोत्तम नवोदित ठरवले. मोसम सुरू होण्याच्या तोंडावर त्याला मिनियापोलिसच्या खालच्या स्तरावरील संघात परत धाडण्यात आले. त्याला आणखी अनुभवाची गरज आहे, असे कारण होते.

या वेळी मात्र कारण गिळले गेले नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने चौकशीची मागणी केली आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या भेदभावविरोधी आयोगासमोर संघाच्या अधिकाऱ्यांना हजर व्हावे लागले. १९४५ आणि १९५९ मधला मोठा फरक हाच. चाचणीच्या वेळी म्युचनिक यांच्या हातात रविवारच्या परवान्याचे हत्यार तेवढे होते. नोकरीतील भेदभावाविरुद्धचा कायदा राज्याने १९४६ मध्ये केला आणि आता प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेली संस्था अस्तित्वात होती. आयोगाने संघाला दोषी धरले नाही. पण ‘ग्रीन का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर आता टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला द्यावे लागत होते.

संघाचे मॅनेजर माइक ‘पिंकी’ हिगिन्स हे टेक्सासचे. आपल्या हातात असेपर्यंत संघात कृष्णवर्णीय खेळाडू येणार नाही, असे ते शिवराळ भाषेत बोलल्याचे बोस्टनच्या एका पत्रकाराने नोंदवून ठेवले आहे. जुलैच्या सुरुवातीला संघ तळाला होता आणि हिगिन्स यांना दूर करण्यात आले, तेही ग्रीनमुळे नव्हे, पराभवांमुळे. त्यांच्या जागी बिली जर्जेस आले. मिनियापोलिसमध्ये ९८ सामन्यांत ग्रीनची सरासरी .३२० होती. तीन आठवड्यांच्या आत त्याला बोलावणे आले. एक माणूस बदलला आणि कालपर्यंत कच्चा असलेला खेळाडू तयार झाला.

२१ जुलै १९५९ च्या संध्याकाळी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर आठव्या डावात विक वर्ट्झ या संथ खेळाडूच्या जागी धावण्यासाठी ग्रीन मैदानात आला आणि नंतर शॉर्टस्टॉपला उभा राहिला. रेड सॉक्स तो सामना २–१ असा हरला. आठवड्याभरात अर्ल विल्सन हा कृष्णवर्णीय पिचरही संघात दाखल झाला. रेड सॉक्सने त्याला १९५३ मध्येच करारबद्ध केले होते. ४ ऑगस्टला ग्रीन प्रथमच फेनवेवर खेळला, कॅन्सस सिटीविरुद्ध, पहिला फलंदाज म्हणून. तो बॅट घेऊन निघाला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. त्याने डावीकडच्या त्याच उंच भिंतीवर चेंडू हाणला आणि तिसऱ्या बेसपर्यंत पळाला.

सामान्य खेळाडू असण्याचा हक्क

ग्रीनची कारकीर्द ३४४ सामन्यांची, सरासरी .२४६, होम रन तेरा. म्हणजे तो कामाचा, पण साधारण खेळाडू होता. याच्यासाठी का एवढा खटाटोप, असे तेव्हाही कोणी म्हणत आणि आजही कोणी म्हणतो. मला हा आक्षेप उलटा वाटतो. रॉबिन्सन, डोबी, मेज यांना संघात घेणे हे न्यायाचे काम होते तसेच फायद्याचेही, कारण असे खेळाडू पिढीत चार-दोनच होतात. राखीव बाकावर बसणारा, कधी दुसऱ्या बेसवर तर कधी शॉर्टस्टॉपला उभा राहणारा, .२४६ चा खेळाडू ही प्रत्येक संघाची रोजची गरज असते. अशा शेकडो गोऱ्या खेळाडूंनी त्या चौदा वर्षांत मेजर लीगमध्ये पोट भरले आणि त्यांच्यापैकी कोणालाही आपण असामान्य आहोत हे आधी सिद्ध करावे लागले नाही. ती सवलत रेड सॉक्समध्ये पहिल्यांदा ग्रीनला मिळाली. तो स्वतः शांत स्वभावाचा होता, आपल्याला अग्रणी व्हायचे नव्हते, फक्त खेळायचे होते, असे तो सांगत असे. सेल्टिक्सचा बिल रसेल या शहरात त्याचा आधार बनला. सामन्यापूर्वीच्या सरावात चेंडू टाकण्या-झेलण्यासाठी टेड विल्यम्स त्याला मुद्दाम जोडीदार म्हणून घेई आणि हे सर्वांदेखत करी. खेळ सोडल्यावर ग्रीन कॅलिफोर्नियातील बर्कली हायस्कूलमध्ये वीसहून अधिक वर्षे मुलांना शिकवत राहिला आणि २०१९ मध्ये वारला. मार्विन विल्यम्स, तिसरे कार्ड भरणारा, मेजर लीगमध्ये कधीच पोहोचला नाही.

ग्रीन आल्याने सारे बदलले असे मात्र झाले नाही. हिगिन्स १९६० मध्येच मॅनेजर म्हणून परत आले आणि पुढे जनरल मॅनेजरही झाले. फेनवेसमोरच्या रस्त्याला १९७७ मध्ये यॉकी यांचे नाव देण्यात आले. ते काढून जुने जर्सी स्ट्रीट हे नाव २०१८ मध्ये परत आणले गेले, संघाच्याच विनंतीवरून. मैदानावरचा बदल त्याच्या कितीतरी आधी झाला. सप्टेंबर १९६५ मध्ये हिगिन्स यांना कायमचे दूर करून डिक ओ’कॉनेल यांच्याकडे सूत्रे देण्यात आली आणि खेळाडू निवडताना रंग पाहण्याची रीत मागे पडली. १९६७ मध्ये पहिल्या बेसवर जॉर्ज स्कॉट, मधल्या मैदानात रेजी स्मिथ आणि मोसमाच्या उत्तरार्धात यष्टिरक्षणासारखी कॅचरची जागा सांभाळायला यँकीजकडून आणलेला एल्स्टन हॉवर्ड होता. तिघेही कृष्णवर्णीय. आदल्या वर्षी दहा संघांत नववा आलेल्या रेड सॉक्सने त्या वर्षी अमेरिकन लीग जिंकली, एकवीस वर्षांनी, एका सामन्याच्या फरकाने.